फिल्टर लागतोय कुठे आणि सुटतोय कुठे?

यावेळी आलेल्या प्रश्नांमधे निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे होते, जावा वेब ॲपमधले फिल्टर (पान मिळण्याआधी रिक्वेस्ट तपासणारा कोड) आणि त्यांचं यूआरएल मॅपिंग, म्हणजे तो कोड कुठल्या पत्त्यांना लागायचा ते. फिल्टर चालतच नाही, नको तिथे चालतो, दोनदा चालतो, नाहीतर सगळं ॲपच बंद पाडतो. म्हणून पूर्ण सदर यालाच देतेय. पॅटर्न इथे देवनागरीत लिहिलेत, फाईलमधे तुमचे जे इंग्रजी पत्ते असतील ते टाका.

प्रश्न: ताई नमस्कार, आमचं ॲप टॉमकॅट सर्व्हरवर आहे, पत्ता /ऑफिस ने सुरू होतो. रिपोर्टच्या पानांना लॉगिन चेक लावायचा म्हणून फिल्टर लिहिला आणि वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमधे पॅटर्न दिला /ऑफिस/रिपोर्ट/* . काहीच होत नाही, एरर नाही, लॉगमधे ओळ नाही, पान सरळ उघडतं. मग /रिपोर्ट* करून बघितलं, /रिपोर्ट/** पण केलं, तरी तेच. शेवटी /रिपोर्ट/*.जेएसपी दिलं तर ॲप सुरूच होईना. दोन दिवस गेले यात, नक्की चुकतंय कुठे?

उत्तर: तुमच्या चार प्रयत्नांत चूक एकच नाही, त्यामुळे एकेक घेऊ.

पहिली चूक सगळ्यात जास्त लोकांची होते. /ऑफिस हा तुमच्या ॲपचा कॉन्टेक्स्ट पाथ आहे आणि मॅपिंग जुळवताना कंटेनर (ॲप चालवणारा सर्व्हर, इथे टॉमकॅट) तो आधीच कापून टाकतो. ब्राउझरमधे दिसतं /ऑफिस/रिपोर्ट/यादी, पण जुळणी होते फक्त /रिपोर्ट/यादी शी. म्हणजे तुमचा पॅटर्न खरं तर /ऑफिस/ऑफिस/रिपोर्ट/ असा पत्ता शोधत बसला होता आणि तसा पत्ता कोणी मागतच नाही. कंटेनरच्या दृष्टीने ही चूकही नाही, पॅटर्न बरोबर लिहिलेला आहे, फक्त कधी जुळत नाही, म्हणून एरर नाही.

आता ताऱ्याचं. सर्व्हलेटच्या (सर्व्हलेट म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास) नियमात तारा दोनच ठिकाणी तारा म्हणून चालतो. एक तर पॅटर्न / ने सुरू होऊन /* ने संपला पाहिजे, नाहीतर *. ने सुरू झाला पाहिजे, जसं *.जेएसपी (जेएसपी म्हणजे जावाची पानांची फाईल). बाकी कुठेही तारा टाकला की तो नुसतं एक अक्षर. त्यामुळे /रिपोर्ट* म्हणजे अक्षरशः "रिपोर्ट" आणि पुढे एक तारा असा पत्ता, तो कोण टाईप करणार? /रिपोर्ट/** चं तेच. दोन ताऱ्यांची सवय लोकांना स्प्रिंग सिक्युरिटी या लॉगिन-परवानग्या सांभाळणाऱ्या लायब्ररीमुळे लागते, तिथे ते चालतात, पण ती जुळणी स्प्रिंग स्वतः करतं, सर्व्हलेट कंटेनर नाही. टॉमकॅट असे पॅटर्न नाकारत नाही, सुरू होताना "सस्पिशस यूआरएल पॅटर्न" अशी एक ओळ लॉगमधे टाकतो आणि पुढे जातो, ती ओळ इन्फो लेव्हलला असते म्हणून गर्दीत दिसत नाही. तुमच्या लॉगमधे शोधा, सापडायला पाहिजे.

/रिपोर्ट/*.जेएसपी मात्र टॉमकॅट थेट नाकारतो, कारण फोल्डर आणि एक्स्टेंशन दोन्ही एका पॅटर्नमधे बसवता येत नाहीत. म्हणून ॲप उठलं नाही. खरं तर चार प्रयत्नांतला हाच सगळ्यात प्रामाणिक निघाला, त्याने निदान तोंड उघडलं.

तुम्हाला पाहिजे ते आहे /रिपोर्ट/* , बास. हा पॅटर्न नुसत्या /रिपोर्ट लाही लागतो, वेगळी ओळ लिहायची गरज नाही. अक्षरं लहान मोठी यात फरक पडतो, आणि प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग जुळणीत धरतच नाहीत. अजून एक, नुसता / हा पॅटर्न सर्व्हलेटला दिला तर "बाकी कोणालाच न लागलेलं सगळं" असा अर्थ होतो, पण टॉमकॅटमधे फिल्टरला तो दिला तर तो फक्त मुळाच्या पत्त्याला लागतो. सगळ्याला लावायचा असेल तर /* च.

आणि पुढच्या वेळी दोन दिवस घालवायच्या आधी हे करा. दहा ओळींचा एक साधा फिल्टर लिहा, /* ला लावा, वेब डॉट एक्सएमएलमधे त्याचं मॅपिंग सगळ्यात वर ठेवा, आणि येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टसाठी पाच गोष्टी लॉग करा: रिक्वेस्ट यूआरआय, कॉन्टेक्स्ट पाथ, सर्व्हलेट पाथ, पाथ इन्फो आणि डिस्पॅचर टाईप (रिक्वेस्ट बाहेरून आली की आतून फॉरवर्ड झाली ते). सर्व्हलेट पाथ आणि पाथ इन्फो जोडून जे होतं त्याच्याशीच तुमचा पॅटर्न जुळवला जातो, ॲड्रेस बारमधे काय दिसतं त्याच्याशी नाही. ही ओळ समोर असली की अंदाज बांधायचं काम उरत नाही. आणि या फिल्टरमधेसुद्धा काहीच आलं नाही तर रिक्वेस्ट तुमच्या ॲपपर्यंत पोचलेलीच नाही, ब्राउझरने कॅशमधून पान दाखवलं असेल किंवा पुढे बसलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ती फाईल स्वतःच देत असेल. मग फिल्टरकडे बघत बसू नका, तिकडे बघा.

प्रश्न: फिल्टर /* ला लावला आणि सेशन नसेल तर लॉगिन पानावर रिडायरेक्ट केलं, तर ब्राउझर म्हणतो खूप वेळा रिडायरेक्ट झालं. मग नेटवर बघून कोडमधे अशी अट टाकली की रिक्वेस्ट यूआरआयमधे "लॉगिन" शब्द असेल किंवा शेवट .सीएसएस ने होत असेल तर सोडून द्यायचं. आता चालतंय. पण टीममधल्या एकाने सांगितलं की हे धोक्याचं आहे, का ते त्याला नीट सांगता येईना. मॅपिंगमधेच "हे सोडून बाकी सगळं" असं लिहायची सोय आहे का?

उत्तर: सोय नाही. फिल्टर मॅपिंगमधे नकार लिहिताच येत नाही, फक्त काय हवं तेच सांगता येतं. लूप का झाला ते तुम्ही ओळखलंच आहे, लॉगिन पानसुद्धा /* मधे येतं, त्यामुळे फिल्टर त्यालाही अडवतो आणि परत लॉगिनवरच पाठवतो, असं गोल गोल.

पण तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे आजच दुरुस्त करा, उद्यावर ढकलू नका. रिक्वेस्ट यूआरआय हा ब्राउझरने पाठवलेला कच्चा मजकूर असतो, डीकोड न केलेला, आणि त्यात अर्धविरामानंतरचे पाथ पॅरामीटरसुद्धा तसेच राहतात, जेसेशनआयडी तिथेच चिकटलेला असतो बघा. कंटेनर मात्र पान शोधताना अर्धविरामापुढचं काढून टाकतो. आता कोणीतरी पत्ता मागितला /रिपोर्ट/यादी;क.सीएसएस . तुमचा फिल्टर बघतो, शेवट .सीएसएस, सोडा. कंटेनर बघतो, /रिपोर्ट/यादी, घ्या रिपोर्ट. झालं, लॉगिन न करता आत. "लॉगिन" शब्दाचं तर त्याहून सोपं आहे, अर्धविराम टाकून पुढे तो शब्द लिहिला की दार उघडं. फिल्टर एका पत्त्याकडे बघतोय आणि कंटेनर दुसऱ्याच, भोक आहे ते इथे.

म्हणून निर्णय कच्च्या यूआरआयवर घ्यायचा नाही, सर्व्हलेट पाथ आणि पाथ इन्फो जोडून घ्यायचा, ते डीकोड होऊन, साफ होऊन आलेले असतात. आणि "मधे कुठेतरी आहे" किंवा "शेवटी आहे" अशी तुलना न करता पूर्ण पत्ता बरोबर /लॉगिन आहे का, किंवा सुरुवात /स्टॅटिक/ ने होते का, एवढंच विचारायचं. सोडायच्या पत्त्यांची यादी छोटी आणि ठरलेली ठेवा, यादीत नाही ते बंद. उलटं केलंत, म्हणजे बंद करायच्या पत्त्यांची यादी ठेवलीत, तर उद्या कोणी नवीन पान टाकलं आणि यादीत लिहायला विसरलं की ते सगळ्यांना उघडं, आणि कोणाला कळणारही नाही.

मला स्वतःला पत्त्यांची रचनाच बदलणं जास्त पटतं. लॉगिन लागणारी सगळी पानं /आत/ खाली न्या, फिल्टर /आत/* ला लावा, लॉगिन, सीएसएस, चित्रं सगळं बाहेर. मग कोडमधे एकही अट लागत नाही आणि वेब डॉट एक्सएमएल वाचणाऱ्या नवीन माणसालाही एका ओळीत कळतं. जुन्या मोठ्या ॲपला हे जमेलच असं नाही, पण नवीन असेल तर पहिल्या दिवशीच करा.

जाता जाता तुमच्या कोडमधे दोन गोष्टी तपासा. रिडायरेक्टचा पत्ता / ने सुरू केला तर तो सर्व्हरच्या मुळापासून धरतात, ॲपच्या नाही, तिथे कॉन्टेक्स्ट पाथ आपण स्वतः पुढे जोडायचा, म्हणजे मॅपिंगच्या बरोब्बर उलटं, त्यामुळे गोंधळ होतो. आणि रिडायरेक्ट केल्यावर लगेच रिटर्न हवं, नाहीतर कोड खाली चेनपर्यंत (पुढचे फिल्टर आणि सर्व्हलेट) जातो आणि संरक्षित पानाचं काम मागे होऊन जातं, समोर रिडायरेक्ट दिसत असलं तरी.

प्रश्न: *.जेएसपी ला फिल्टर लावलाय. ब्राउझरमधून जेएसपी थेट उघडली तर चालतो, पण सर्व्हलेटने फॉरवर्ड केलं की त्याच जेएसपीला चालत नाही. बग आहे का?

उत्तर: बग नाही, नियम आहे. फिल्टर बाहेरून आलेल्या रिक्वेस्टलाच लागतो, मॅपिंगमधे काही लिहिलं नाही तर हेच गृहीत असतं. आतल्या आत झालेलं फॉरवर्ड, इन्क्लूड किंवा एरर पेजवर जाणं हे वेगळे प्रकार आहेत, त्यांच्यासाठी डिस्पॅचर नावाचा टॅग आहे, सर्व्हलेट २.४ पासून, आणि ३.० मधे त्यात असिंक आला. तर तुमच्या मॅपिंगमधे डिस्पॅचर फॉरवर्ड टाका.

पण थांबा, इथेच पुढचा खड्डा आहे. नुसतं फॉरवर्ड लिहिलं की रिक्वेस्ट हा आपोआप मिळणारा प्रकार जातो, म्हणजे आता फॉरवर्डला चालेल आणि थेट उघडल्यावर चालणार नाही. दोन्ही हवे तर दोन्ही लिहा. आणि दोन्ही लिहून पॅटर्न /* असेल तर एकाच पानासाठी फिल्टर दोनदा चालेल, एकदा सर्व्हलेटच्या आधी आणि एकदा जेएसपीच्या आधी. वेळ मोजणारा किंवा लॉग लिहिणारा फिल्टर असेल तर आकडे दुप्पट दिसतात आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात. पहिल्या वेळी रिक्वेस्टवर एक ॲट्रिब्यूट ठेवून द्या, दुसऱ्या वेळी तो दिसला की सरळ पुढे सोडा.

लॉगिन चेकचा फिल्टर असेल तर मात्र एक विचार करा. उघड्या पत्त्यावरचा सर्व्हलेट आतून संरक्षित पत्त्यावर फॉरवर्ड करत असेल तर रिक्वेस्टपुरता फिल्टर त्याला पकडत नाही. असं कुठे होतंय का ते कोडमधे शोधून ठेवा. जेएसपी वेब-इन्फ फोल्डरमधे ठेवल्या असतील तर त्या बाहेरून थेट उघडतच नाहीत, म्हणजे दार एकच राहतं, सर्व्हलेटचं, आणि राखण सोपी होते.

प्रश्न: मॅडम मी कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टमधे फिल्टर टाकल्यावर सगळी पानं पांढरी येतात, स्टेटस २०० येतो, एरर कुठेच नाही. पॅटर्न /* आहे. पॅटर्न चुकलाय का?

उत्तर: नाही रे, पॅटर्न एकदम बरोबर आहे, म्हणून तर सगळी पानं पांढरी झाली. तू फिल्टरच्या शेवटी चेनवरचं डूफिल्टर बोलवायला विसरलायस. ते बोलवलं नाही तर रिक्वेस्ट तिथेच थांबते, पुढचा फिल्टर नाही, सर्व्हलेट नाही, आणि कंटेनर रिकामा जबाब पाठवून देतो, २०० सकट. इफ एल्स असेल तर दोन्ही फाट्यांत बघ, बहुतेक एका फाट्यात राहिलेलं असतं. मग फक्त काही पानं पांढरी येतात आणि शोधणं अजून अवघड जातं.

प्रश्न: स्प्रिंग बूटमधे फिल्टरवर वेबफिल्टर ॲनोटेशन टाकून पॅटर्न /एपीआय/* दिला, वर कंपोनंट पण लावलं नाहीतर तो उचललाच जात नव्हता. आता तो सगळ्याच पत्त्यांना चालतो. दुसरा एक टोकन तपासणारा फिल्टर आहे तो सिक्युरिटीच्या चेनमधे घातलाय, तर तो दोनदा चालतो.

उत्तर: दोन्हीचं मूळ एकच. बूटला फिल्टर प्रकारचा कुठलाही बीन (स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं तो ऑब्जेक्ट) दिसला की तो स्वतःहून त्याची नोंदणी /* ला करतो. तुम्ही कंपोनंट लावलंत, तो बीन झाला, बूटने /* ला लावला, आणि वेबफिल्टरमधला तुमचा पॅटर्न कोणी वाचलाच नाही. ते ॲनोटेशन वाचलं जावं असं वाटत असेल तर मुख्य क्लासवर सर्व्हलेट कंपोनंट स्कॅन लावायचं आणि फिल्टरवरून कंपोनंट काढायचं. पण मी तुमच्या जागी असते तर दोन्ही ॲनोटेशन काढून फिल्टर रजिस्ट्रेशन बीन लिहिला असता, त्यात पॅटर्न, क्रम, नाव सगळं एका जागी दिसतं. क्रमाचा आकडा जितका लहान तितका फिल्टर आधी. पॅटर्न मात्र इथेही सर्व्हलेटच्या नियमाचेच, एकच तारा.

टोकनवाल्याचं म्हणजे, एकदा बूटने लावला, एकदा तुम्ही सिक्युरिटीत घातला, म्हणून दोनदा. त्याच्यासाठी रजिस्ट्रेशन बीन लिहून त्यात एनेबल्ड फॉल्स करा, म्हणजे बूटची नोंदणी बंद आणि सिक्युरिटीतली चालू. काही जण फिल्टर वन्सपररिक्वेस्ट प्रकारचा करून मोकळे होतात. त्याने एकाच रिक्वेस्टला दुसऱ्यांदा चालणं थांबतं खरं, पण जादाची नोंदणी तशीच राहते, त्यामुळे सिक्युरिटीची चेन जिथे लागूच नाही अशा पत्त्यांवरही तो चालत राहतो. दुखणं झाकलं जातं, जात नाही. आणि कोण कुठे लागलंय हे बघायला वेब या लॉग ग्रुपची लेव्हल डीबग करा, सुरू होतानाच प्रत्येक फिल्टर, त्याचे पॅटर्न आणि क्रम अशी यादी येते.

प्रश्न: फॉर्ममधून देवनागरी मजकूर पाठवला की डेटाबेसमधे कचरा अक्षरं जातात. एन्कोडिंगचा फिल्टर आहे, यूटीएफ-८ सेट करतो, लॉगवरून तो चालतोय हे पण दिसतंय, आणि फाईलमधे तो सगळ्यात वर आहे. लॉग लिहिणारा दुसरा फिल्टर खाली आहे. मग अडतंय कुठे?

उत्तर: तुम्ही फाईलचा तुकडा पाठवलात ते बरं झालं, नाहीतर सांगता आलं नसतं. तुमच्या एन्कोडिंग फिल्टरचं मॅपिंग सर्व्हलेटच्या नावाने आहे आणि लॉगवाल्याचं यूआरएल पॅटर्नने. नियम असा की एका रिक्वेस्टसाठी आधी पॅटर्नने जुळलेले सगळे फिल्टर चालतात, फाईलमधल्या क्रमाने, आणि ते संपले की मग नावाने जुळलेले. म्हणजे फाईलमधे वर असूनही तुमचा एन्कोडिंग फिल्टर दुसरा चालतोय. आणि लॉगवाला काय करतो, पॅरामीटर वाचून लिहितो. पॅरामीटर पहिल्यांदा वाचले त्याच क्षणी फॉर्मचा मजकूर उलगडला जातो, एन्कोडिंग ठरवलेलं नसेल तर आयएसओ-८८५९-१ धरून, आणि नंतर यूटीएफ-८ सेट करून काही उपयोग नाही. मजकूर आधीच बिघडलेला असतो.

एन्कोडिंगचं मॅपिंग /* पॅटर्नने करा आणि मॅपिंगच्या ओळी सगळ्यात वर ठेवा. क्रम मॅपिंगच्या ओळींवरून ठरतो, फिल्टरच्या व्याख्या कुठल्या क्रमाने लिहिल्यात त्याने काही होत नाही. ॲनोटेशनने लावलेल्या फिल्टरना तर ठरलेला क्रमच नसतो, त्यामुळे क्रम महत्त्वाचा असेल तिथे वेब डॉट एक्सएमएलच वापरा. तुमचा कंटेनर सर्व्हलेट ४.० किंवा पुढचा असेल तर रिक्वेस्टचं एन्कोडिंग सांगायला वेब डॉट एक्सएमएलमधे वेगळा टॅगच आहे, फिल्टर काढूनच टाकता येईल. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा मजकूर या सगळ्यात येत नाही, तो टॉमकॅट ८ पासून मुळातच यूटीएफ-८ धरला जातो.

प्रश्न: टॉमकॅट ९ वरून १० वर गेलो आणि ॲनोटेशनवाले फिल्टर गप्प झाले. पॅटर्नला हात लावलेला नाही.

उत्तर: पॅटर्न सोडा, इम्पोर्ट बघा. टॉमकॅट १० पासून पॅकेजचं नाव जावाएक्स ऐवजी जकार्ता झालं. जुन्या नावाचं वेबफिल्टर ॲनोटेशन त्याला ओळखूच येत नाही, म्हणून तो फिल्टर न बघता पुढे जातो, तक्रारसुद्धा न करता. इम्पोर्ट बदलून परत कंपाईल करा, वापरत असलेल्या लायब्ररीही जकार्तावाल्या घ्या. ते करूनही गप्पच असतील तर वेब डॉट एक्सएमएलच्या वरच्या टॅगमधे मेटाडेटा कंप्लीट ट्रू आहे का बघा, त्याने ॲनोटेशन वाचणंच बंद होतं.

फिल्टर एक्सएमएलमधून लावलेले असते तर चित्र उलटं दिसलं असतं. फिल्टर उभा राहताना पडला की पूर्ण ॲप पडतं आणि प्रत्येक पत्त्याला ४०४ येतो, आणि लोक परत मॅपिंगच तपासायला घेतात. मुख्य लॉगमधे तेव्हा एवढंच दिसतं की एक किंवा जास्त फिल्टर सुरू झाले नाहीत, खरं कारण लोकलहोस्ट नावाच्या दुसऱ्या लॉग फाईलमधे असतं, तारखेसकट नाव असतं तिचं, ती उघडा.